गरम हवेची बाजू

रोसांदाने डब्याच्या अंगावर तळहात टेकवला. भाजून हात मागे घ्यावा लागेल, या तयारीने ती आली होती. डबा कोमट होता. विसळून उपडी घातलेली कॉफीची कपबशी असते, तितपतच. तिने हात उजव्या अंगाला सरकवला, जिथून आतला पंखा गरम हवा बाहेर टाकतो. तिथेही तेच. झुळूक सरळ, न अडखळता येत होती. हिरवे दिवे लुकलुकत होते.

“गरम आहे का?” स्वयंपाकघरातून आईने विचारले.

“नाही.”

“बघ. सांगितलं नव्हतं मी? तू आलीस की शहाण्यासारखा वागतो. तुझ्या बाबांसारखाच. डॉक्टर दारात आला की त्यांचा ताप पळायचा.”

रोसांदाने हात पँटला पुसला, पुन्हा डब्यावर ठेवला, पुन्हा काढला.

कोठीची खोली एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढी. डावीकडच्या फळ्यांवर जर्दाळूचा मुरंबा, खारवलेल्या मिरच्या, गेल्या सालचा टोमॅटोचा रस. वर आडवा दांडा आणि धुरी दिलेले मांस टांगायचे आकडे. या वर्षी ते रिकामेच राहिले होते. आणि समोरच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, हा डबा. रोसांदाच्या इंटरनेट कंपनीत त्याला स्विच म्हणत. सोम्बोर गावातल्या या लांबलचक इमारतीतल्या सगळ्या जिन्यांच्या केबली इथे येऊन मिळत आणि इथूनच पुढे बाहेरच्या जगाला लागत. रोसांदा कंपनीत नवी होती तेव्हा डब्याला कोरडी जागा सापडत नव्हती, तळघरात पाणी झिरपायचे. “आमच्या कोठीत लाव की,” वडील म्हणाले होते. सारी हयात त्यांनी टपाल खात्याच्या टेलिफोन केंद्रात घालवली होती. निवृत्त झाल्यावर केंद्रच घरी चालत आले, याचा त्यांना कोण आनंद.

मार्चमध्ये वडील गेले. जून लागला आणि डबा दुपारचा बंद पडू लागला.

आत ठरावीक मर्यादेपलीकडे उष्णता साठली की असे यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःच झोपी जाते. निवले की जागे होते. पण तेवढ्यात अख्ख्या इमारतीचे इंटरनेट गेलेले असते आणि लोक जिन्यात येऊन एकमेकांना विचारू लागलेले असतात. कंपनीचा सोम्बोरचा माणूस तीनदा येऊन गेला. त्याने धूळ काढली, नवा पंखा बसवला, उन्हाळा आहे असे सांगितले आणि गेला. शेवटी नोवी सादच्या मुख्य कचेरीत बसलेल्या तिहोमिरने, रोसांदाच्या साहेबाने, ठरवून टाकले: उद्या सकाळी माणसे पाठवायची, डबा उचलायचा आणि पलीकडच्या जिन्यातल्या मीटरच्या खोलीत न्यायचा.

“एक दिवस देतो तुला,” तो म्हणाला होता. “घर तुझं आहे म्हणून.”

घर तिचे होते, हीच तर अडचण होती. नोवी सादच्या तिच्या फ्लॅटमधली मागची खोली एप्रिलपासून तयार होती. खाट आणली होती, आईला आवडतो तसा पांढरा पडदा लावला होता. विषय काढला की आईचे एकच उत्तर असायचे.

“आणि डब्याकडे कोण बघेल?”

हे उत्तर हसण्यावारी न्यावे तर त्यात अर्धे खरे होते. किल्ली आईकडे होती. दिवा लाल झाला की तीच फोन करायची, तीच शेजाऱ्यांना दम धरायला सांगायची. डबा गेला की उत्तरही जाणार होते. सकाळी बसमध्ये रोसांदाने दोनदा जागा बदलली. मांडीवरच्या पिशवीतली हत्यारे तिने चाचपून पाहिली आणि मनात म्हटले, मी बघणार, सगळं नीट बघणार. आणि नाहीच सापडलं, तर नाही सापडलं.

“बस ना जरा,” आई म्हणाली. तिने कॉफी ओतली होती, शेजारी खसखस भरलेल्या रोलचे दोन काप. “उभ्याने प्यायलेली कॉफी अंगी लागत नाही.”

“बसते.”

ती बसली नाही. एका हातात कप घेऊन तिने ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि डब्याला केबल जोडली. गेल्या काही दिवसांचे त्याचे तापमान पडद्यावर रेघेच्या रूपात पसरले. ती वाकली. कप ओठांपाशी तसाच राहिला.

ऊन चढते ते हळूहळू, उतरतेही हळूहळू. उन्हाने तापलेल्या यंत्राची रेघ टेकडीसारखी दिसते. ही रेघ सकाळभर आडवी पडून राहायची आणि जेवणवेळ टळली की एकदम उभी राहायची, भिंतीसारखी. वर टोकाला गेली की तुटायची. ही उन्हाची चाल नव्हती. कोणीतरी काहीतरी करत होते.

“आई, जेवण झालं की तू काय करतेस?”

“काय करणार? भांडी घासते. पडते.”

“ओव्हन लावतेस?”

“एकटीसाठी?”

“इस्त्री? वॉशिंग मशीन?”

“रोसा, मी काय गुन्हेगार आहे का?” आईने कपाखालची बशी उगाच सरळ केली. “मशीन शनिवारी लावते. कॉफी निवतेय तुझी.”

रोसांदा कोठीत गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. या वेळी तिला फळ्यांच्या वर, छताजवळची लहान खिडकी दिसली. ती बंद होती. नुसती बंद नव्हती, फटीत जुन्या चादरीची पट्टी कोंबून घट्ट बसवलेली होती.

“ही खिडकी कोणी लावली?”

“मी.”

“आई! अगं, ही खिडकी या डब्यासाठी उघडी ठेवायची. मी बाबांना सांगून ठेवलं होतं.”

“त्यांना सांगितलं होतंस. मान माझी धरते. इकडची उघडी, स्वयंपाकघराची उघडी, मधून वाऱ्याचा झोत जातो. मी बसते बरोबर त्याच्या वाटेत.”

“बाहेर तेहतीस अंश आहे.”

“झोत तो झोत. त्याला उन्हाळा-हिवाळा नसतो.”

रोसांदाने स्टूल ओढले, त्यावर चढून पट्टी उपसली. मिळाले होते तर. इतके सोपे. बाहेरची हवा आत येऊन तिच्या गालाला लागली. ती खाली उतरली तेव्हा तिला हलके वाटायला हवे होते. तसे वाटले नाही.

त्याच वेळी दार वाजले आणि कोणी उघडण्याची वाट न पाहता ग्वोझ्देनकाका आत आले. वरच्या मजल्यावर राहणारे हे निवृत्त इंजिन ड्रायव्हर घरातल्या चपलांवर कधी फिरत नसत, आजही पायात काळे, जाड तळव्याचे बूट होते.

“आली का इंजिनीअरीणबाई? सापडला का चोर?”

“खिडकी बंद होती, काका. झोत येतो म्हणून.”

“मग बरोबर आहे तिचं!” ग्वोझ्देनकाकांनी ताबडतोब स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिले आणि दोन पावले बाजूला सरकून उभे राहिले. “हसू नकोस पोरी. माझा मेव्हणा आगगाडीत दोन खिडक्यांच्या मध्ये झोपला, उठला तर तोंड वाकडं. लग्नाच्या फोटोतसुद्धा वाकडंच आलं.”

“तुझा मेव्हणा जन्मतःच वाकड्या तोंडाचा होता, ग्वोझ्देन,” आई म्हणाली. “कॉफी घेणार?”

“घेतो. पण चारच्या आत डबा नीट करा बायांनो. चारला आमची लेनका शाळेतून येते. रोज मुलगी तिकडून फोन लावते, स्वीडनहून. लेनका पडद्यावर येते, तोंड उघडते, आणि तेवढ्यात काळं. आज आठवडा झाला, मला नातीचं नुसतं उघडलेलं तोंड दिसतंय.” ते बसले आणि त्यांनी कण्हत एक पाय दुसऱ्यावर टाकला. “हे तुझ्या वितोमिरचे बूट अजून चावतात, मिलुंका. जिवंतपणी बुद्धिबळात छळायचा, आता पायात छळतोय.”

“नको असतील तर दे परत.”

“परत? चाळिसाव्याला दिलेलं परत घेतात का कुठे? त्याला तिकडे अनवाणी फिरवतेस काय!”

आई हसली नाही. तिने ग्वोझ्देनकाकांच्या पुढे साखरेचे भांडे सरकवले आणि पुसायचे नव्हते तरी हात एप्रनला पुसले.

चाळिसाव्या दिवशी देवळात उकडलेला गहू आणि मद्य वाहून प्रार्थना झाली, आणि त्यानंतर वडिलांचे कपडे वाटले. घरात काही मागे ठेवायचे नाही; मागे राहिलेल्या वस्तूपाशी गेलेल्याचा पाय अडकतो, त्याला पुढे जाता येत नाही. आईने पिशव्या भरल्या होत्या आणि रोसांदाने त्या न उघडता टॅक्सीत टाकून देवळाच्या ओसरीवर नेऊन ठेवल्या होत्या. “सगळं आहे ना?” तिने जिन्यात विचारले होते. “सगळं,” आई म्हणाली होती.

रोसांदा पुन्हा लॅपटॉपकडे वळली. खिडकी उघडल्यावर तापमान किती उतरते ते पाहायचे होते. आकडा उतरला, चार अंशांनी, आणि थांबला. तिने स्टुलावर चढून खिडकी लावली. आकडा चार अंशांनी चढला आणि थांबला. तिने पुन्हा उघडली.

“दारं-खिडक्यांचा खेळ चाललाय नुसता,” ग्वोझ्देनकाका कॉलर वर करत म्हणाले. “मी जातो वर. इथे बसलो तर स्वीडनला वाकडं तोंड दाखवायची वेळ यायची.”

ते गेले. खिडकी चोर नव्हती. खिडकीने चार अंश वाढत होते. डबा झोपी जायला याच्या पाच-सहापट लागत होते.

जेवण झाले. नवे बटाटे, बडीशेपेची पाने घातलेले दही, काकडी. रोसांदाने ताट ओट्यावर ठेवून उभ्याउभ्याच खाल्ले, दर दोन घासांनी पडद्याकडे बघत. रेघ आडवी होती. आईने भांडी घासली, फडके झटकले, वाळत घातले, आणि मग काय करावे ते न कळल्यासारखी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. तिने एकदा कोठीकडे पाहिले. मग घड्याळाकडे.

“तू पडत का नाहीस?” रोसांदाने विचारले.

“तू असताना कशी पडू?”

“मी काही करत नाही. पड.”

“झोप नाही आली.”

भिंत उभी राहायची वेळ आली आणि टळली. रेघ आडवीच. रोसांदा खोलीतून खोलीत हिंडली. वडिलांच्या खुर्चीला वळसा घालून बाल्कनीत गेली, खाली लिंडनच्या झाडांना आलेला मोहोर तिला आताच दिसला, पण ती तिथे थांबली नाही. रोज बंद पडणारा डबा आज पडत नव्हता. काय वेगळे होते आज? ऊन तेच. खिडकी उघडी होती, पण तिचा हिशेब लागला होता. वेगळी होती ती एकच गोष्ट: ती स्वतः.

बाहेरचे दार उघडून ती जिन्यात ओरडली, “पाच मिनिटं बंद करतेय!” वरून ग्वोझ्देनकाकांचे काहीतरी उत्तर आले. मग कोठीत येऊन तिने वीज तोडली, स्क्रू काढले आणि डब्याचे झाकण उतरवले.

आत धूळ नव्हती. सोम्बोरच्या माणसाने काम नीट केले होते. तिने टॉर्च डाव्या जाळीवर धरला, जिथून डबा थंड हवा आत ओढतो. जाळीच्या आतल्या अंगाला राखी-निळे काहीतरी चिकटले होते. धुळीसारखे नव्हते, धूळ वळत नाही. तिने चिमट्याने ते ओढले. लांब आले. पंख्याच्या पात्यांच्या मुळाशीही तेच गुंडाळले होते, आणि त्यात मधेच एक धागा पिवळा होता, मोहरीच्या रंगाचा.

तिने ते दोन बोटांत वळले. लोकर.

निळी-राखी लोकर कमी पडली होती तेव्हा आईने बाबांच्या स्वेटरच्या बाह्यांच्या टोकाला मोहरी रंगाचे चार वेढे घातले होते. त्यावरून घरात किती थट्टा झाली होती. वडील तो स्वेटर ऑक्टोबर ते मे अंगातून काढत नसत. तो घालून ते इथेच, याच स्टुलावर येऊन बसत, पाय दारात, पाठ मुरंब्याला टेकलेली. “मांजरासारखा गुरगुरतो,” डब्याबद्दल म्हणत.

त्यांचीच लोकर असणार, मार्चच्या आधीची. तिने स्वतःला तसे सांगितले, आणि लगेच तिचा हात थांबला. पंखा नवा होता. याच महिन्यात बसवलेला. हा पंखा बाबांनी पाहिलेलाच नव्हता.

फोन वाजला. तिहोमिर.

“काय झालं? सापडलं?”

तिने बोटांतल्या गोळीकडे पाहिले. ती इतकी लहान होती की खिशात टाकली असती तर तिलाही नंतर सापडली नसती. नाही, एवढेच म्हणायचे होते. नाही सापडलं, तू माणसं पाठव. उद्या दुपारपर्यंत भिंतीवर चार भोके राहिली असती, आणि परवा, तेरवा, कधीतरी आई पांढऱ्या पडद्याच्या खोलीत आली असती. तिथे लिफ्ट होती. दवाखाना समोर होता. सगळे खरे होते.

“रोसांदा? आहेस ना?”

“अर्धा तास दे.”

“अर्धाच. मला गाडीवाल्याला सांगायचंय.”

तिने पाती साफ केली, झाकण बसवले, वीज जोडली. दिवे एकामागून एक पेटले. ती कोठीच्या दारात उभी राहिली. आई टेबलापाशी होती, समोर काही नाही, दोन्ही हात टेबलावर.

“आई.”

“हं.”

“घरात लोकरीचं काही आहे का? जाड असं.”

“जूनमध्ये?”

“हो.”

“ब्लँकेट आहे पलंगाखाली.”

“ब्लँकेट नको. अंगात घालायचं. बाह्या असलेलं.”

आईने मान वर केली नाही. खाली अंगणात कोणीतरी गालिचा बडवत होते. तो आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

“कशाला?” तिने विचारले.

“तपासायचंय.”

“काय तपासायचंय?”

“किती लांब धरलं तर चालतं, ते.”

आई खुर्चीच्या पाठीला धरून उठली, रोसांदाच्या अंगाला घासून कोठीत शिरली, आणि सगळ्यात खालच्या फळीवरचे मुरंब्याचे मोठे पातेले तिने दोन्ही हातांनी ओढले. झाकण काढले. आत स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला स्वेटर होता. तिने तो फडक्यासकट लेकीच्या हातावर ठेवला. निदान आता बोलेल असे रोसांदाला वाटले, पण आई बोलली ती पातेल्याशी.

“यंदाचे जर्दाळू आले की हे लागणारच होतं,” ती म्हणाली.

“डब्यावर घालायचीस?”

“घालायची कसली. टाकायची. खांद्यावर टाकतात तसा.” तिने डब्याकडे हात केला आणि मागे घेतला. “बाह्या दोन्हीकडे सोडून. अर्ध्या तासासाठी. एप्रिलमध्ये कधी बंद पडला नाही.”

“एप्रिलमध्ये हवा गार होती.”

“मला काय ठाऊक. मला वाटलं, कंपनीचा माणूस म्हणाला तसं उन्हामुळे.” मग ती म्हणाली, “तुला वाटतं तुझे बाबा अडकलेत? माझ्यामुळे?”

रोसांदाने फळीवरून एक लाकडी हँगर शोधला, त्याला स्वेटर चढवला. आईने बटणे लावायला हात पुढे केला आणि रोसांदाने लावू दिली. मग तिने दांड्यावरचा एक आकडा सरकवून डब्याच्या उजव्या अंगासमोर आणला, गरम हवेच्या बाजूला, आणि स्वेटर त्याला टांगला. डब्याला लागून नाही. चार बोटे सोडून.

“आता बघायचं,” ती म्हणाली.

पडद्यावरचा आकडा चढू लागला. दोघी बघत होत्या. आईला आकडे कळत नव्हते, पण लेकीचा चेहरा कळत होता.

“चढतोय.”

“हो.”

रोसांदाने हँगर मागे सरकवला. आणखी दोन बोटे. तापमान चढायचे मंदावले, पण थांबले नाही. तिने अंगठा डब्याला लावून करंगळी ताणली आणि तिथपर्यंत हँगर मागे घेतला. आता हवा स्वेटरच्या छातीवर येत होती आणि दोन्ही बगलांखालून मोकळी निघून जात होती. बाह्या किंचित हलत होत्या. पडद्यावरचा आकडा थांबला. जरासा खाली आला. तिथेच राहिला.

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग बुटांची धावपळ, आणि मग उघड्या खिडकीतून ग्वोझ्देनकाकांचा आवाज, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा:

“दिसतेय! अहो, दिसतेय! पडला होय गं दात? दाखव! जवळ ये, दाखव आजोबाला!”

फोन वाजला.

“बोल,” तिहोमिर म्हणाला. “गाडीवाला थांबलाय.”

“नको पाठवू.”

“सापडलं? काय होतं?”

“गरम हवेला जायला जागा नव्हती. केली.”

“कशानं अडली होती?”

“सामानानं. कोठीची खोली आहे ती, तिहोमिर.”

“परत नाही ना अडणार? तू तिथे नसशील रोज बघायला.”

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हात एप्रनखाली.

“नाही अडणार,” रोसांदा म्हणाली आणि फोन ठेवला.

“उद्या माणसं येणार नाहीत?”

“नाहीत.”

“आणि तुझ्याकडची ती खोली?”

“असू दे. हिवाळ्यात ये राहायला. थंडीत याला काही होत नाही.”

आईने मान हलवली. ते हो होते की नाही, सांगणे कठीण होते. ती पुढे आली, डबा आणि स्वेटर यांच्या मधल्या जागेत तिने आपला हात ताणून धरला. पुरला नाही.

“एक वीत,” ती म्हणाली. “तुझी की माझी?”

“माझी. तू दीड धर.”

“दीड.” आईने अंगठा पुढे सरकवून पुन्हा मोजले. “बरं.”

अजून थोडा वेळ थांबून खात्री करायला हवी, असे रोसांदा म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली. पाठ मुरंब्याच्या बाटल्यांना टेकली, तशा त्या किणकिणल्या. हातात अजून स्क्रूड्रायव्हर होता. ती पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिली. आकडा हलत नव्हता, तरी बघत राहिली. वर लेनका काहीतरी सांगत होती आणि ग्वोझ्देनकाका प्रत्येक वाक्यावर, “आणि मग? आणि मग?” विचारत होते.

आईने स्वेटरची बाही चिमटीत धरून पाहिली, भाकरी भाजली का ते पाहावे तशी. मग पाठीवरून हात फिरवला. मग भराभर बटणे काढली, हँगरवरून तो सोडवला, आणि एरवी रोज जिथे न्यायची तिथे, स्वतःच्या चेहऱ्याकडे, न नेता लेकीच्या मांडीवर ठेवला.

रोसांदाचे हात हलले नाहीत.

“घे लवकर,” आई म्हणाली. “निवतो लगेच.”

रोसांदाने स्क्रूड्रायव्हर खाली जमिनीवर ठेवला.